निजलेल्या माणसाची पेटी

लातूरला मी आता येतो तो फक्त कुणाचं तरी लेकरू क्लासला घालायला. या खेपेला धाकट्या भावाची मुलगी आहे. ती वर तिसऱ्या मजल्यावर चाळणी परीक्षा देते आहे. म्हणजे तिला क्लासात घ्यायचं की नाही हे ठरवायची परीक्षा. या परीक्षेची तयारी करून घेणारा एक वेगळा क्लास नांदेडला आहे, तोही तिनं केला. आम्ही पालक खाली पायऱ्यांवर बसून एकमेकांकडे चोरून बघतो आहोत. समोरच्या इमारतीवर इतके फ्लेक्स लावलेत की खिडक्या कुठे आहेत ते कळत नाही. त्यावर पोरांचे फोटो, गळ्यात हार, खाली मार्क. जित्या माणसाच्या फोटोला हार घालायची हौस मी या गावाइतकी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

याच जागेवर रहीमचाचांचं शिवणकामाचं दुकान होतं. पत्र्याचं, बुटकं, आत वाकून जावं लागायचं. आता तिथे काचेचं दार आहे आणि दारामागे टाय लावलेला एक तरुण बसलाय. त्यानं मघाशी मला 'सर' म्हणून एक माहितीपत्रक दिलं. मी त्याची घडी करून बूड टेकायला पायरीवर अंथरली. त्याचा याहून चांगला उपयोग मला सुचला नाही.

मी हदगावहून इथे अकरावीला आलो तेव्हा किल्लारीच्या भूकंपाला चार-पाच वर्षं झाली होती. गावात दोन तऱ्हेची माणसं उतरायची. एक पुनर्वसनाच्या कागदांसाठी कचेरीच्या चकरा मारणारी, आणि दुसरी पोराला लातूर पॅटर्नच्या क्लासात घालायला आलेली. दोघांच्या हातात सारखीच प्लास्टिकची पिशवी असायची. रिक्षावाले चपलांवरून माणूस ओळखायचे आणि न विचारता त्या दिशेला हाकायचे. आम्ही दुसऱ्या तऱ्हेचे. एका खोलीत सहा जण, दोरीवर कधीच न वाळणारे टॉवेल, आणि मेसच्या आमटीचा वास, जो आमटी खाल्ल्यावरही ती खाल्ल्यासारखं वाटू द्यायचा नाही. झेरॉक्सच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या गरम कागदाचा वासही आठवतो. नोट्स हातात घेतल्या की त्या कोमट असायच्या आणि त्या कोमटपणातच अर्धा अभ्यास झाल्यासारखं वाटायचं. आम्ही इतके मूर्ख होतो.

चाचांकडे क्लासचे गणवेश शिवायला जायचे. त्यांचा मेहुणा दुबईला होता, त्यानं कधी तरी एक व्हिडिओ गेमचं मशीन आणि एकच कॅसेट पाठवली होती. चाचांच्या मुलींनी दोन दिवस खेळून ते टाकून दिलं. मग चाचांनी ते दुकानातल्या जुन्या टीव्हीला जोडून ठेवलं आणि नियम केला की ज्याचं कापड मशीनखाली आहे त्यानं बसून खेळावं. काम झालं की उठावं. दुकानात शिलाई मशीनच्या तेलाचा, नव्या कापडाच्या खळीचा आणि कोळशाच्या इस्त्रीचा वास भरलेला असायचा. एकीकडे पायमशीनची टकटक, दुसरीकडे त्या खेळाचं बासरीसारखं संगीत. आजही कुठे कोरं कापड फाडल्याचा आवाज आला की मला ती बासरी ऐकू येते.

नियम कळल्यापासून आमच्या पँटी फार उसवायला लागल्या. ब्लेडनं शिवण काढायची, चाचांकडे न्यायची. एखादा धाडसी दोन्ही पाय उसवून आणायचा, म्हणजे जास्त वेळ मिळायचा. चाचा ती कापलेली शिवण बोटात धरून उजेडाकडे करायचे आणि म्हणायचे, "काय रे, तुमच्या क्लासात खुर्चीला दात हायेत काय?" पण शिवायला घ्यायचे आणि जरा सावकाशच शिवायचे. वर्गात पहिल्या दहात येणाऱ्या पोरांच्या बुडावर तीन-तीन रंगांचे दोरे होते.

खेळ जपानी होता. चौघं जण गावोगाव फिरतात, वाटेत राक्षस आडवे येतात, त्यांना मारत मारत शेवटी काळ्या किल्ल्यापर्यंत जायचं. असं आम्ही चित्रांवरून ताडलं होतं, कारण अक्षर एक वाचता येत नव्हतं. माणसं भेटायची, त्यांच्यासमोर बटण दाबलं की चौकटीत ओळी उमटायच्या, आणि आम्ही त्या वाचल्यासारख्या करून पुढे जायचो. लढाईत चार ओळींची यादी यायची. ती यादी फोडायचं काम मी केलं. दोनशे पानी वहीत चौकट आखून लिहिलं: पहिली ओळ मारणे, दुसरी मंत्र, तिसरी पिशवी, चौथी पळणे. एवढं कळायला आमचे चार वीर कितीदा तरी मेले. पण वही झाली, आणि वहीच्या झेरॉक्स निघाल्या. न कळणारी गोष्ट पाठ करण्यात आमचा हात धरणारा अख्ख्या महाराष्ट्रात कुणी नव्हता.

आणि आम्ही लढलो कसे? पहिल्या गावाच्या वेशीबाहेर गवत होतं. त्यात चार पावलं टाकली की पडदा लखलखायचा, ढोल वाजायचे आणि समोर एक तपकिरी, थुलथुलीत, डोळे मिचकावणारा गोळा यायचा. आम्ही त्याला गुलाबजाम म्हणायचो. मारणे, मारणे, मारणे. तो विरघळला की तुतारी वाजायची आणि कधी तरी आपल्या वीराचा आकडा एकानं वाढायचा. पुढे डोंगर आहे, समुद्र आहे, पलीकडे वाळवंट आहे, हे दिसत होतं. पण आम्ही वेशीबाहेर दीड महिना गुलाबजाम मारले. तयारी पक्की झाल्याशिवाय पुढचा धडा उघडायचा नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. ज्या खेळात अख्खी दुनिया उघडी टाकली होती त्यात आम्ही एका वेशीत बसून रिव्हिजन केली. आमच्या बॅचचे पुढे कोण कुठे गेले ते मी जाणतो. बहुतेक जण अजून त्याच वेशीत आहेत, फक्त पगार वाढलाय. मीही त्यातलाच.

माधव आमच्या खोलीतला सहावा. किल्लारीच्या पलीकडच्या एका गावचा. घरातली चार माणसं भूकंपात गेली होती, तो आणि आई उरले होते. हे त्यानं सांगितलं नव्हतं, खोलीमालकानं त्याच्या पाठीमागे सांगितलं होतं. त्याच्या पँटी आमच्यासारख्या ब्लेडनं फाडलेल्या नव्हत्या. मदतीत आलेल्या मोठ्या माणसांच्या पँटी तो कापून घ्यायला आणायचा, त्यामुळे त्याच्या कामाला खरोखरच वेळ लागायचा. कॅसेटमध्ये तिघांचा खेळ जपून ठेवायची सोय होती. एक जागा चाचांच्या मुलींची, एक आमच्या टोळीची. तिसरी चाचांनी माधवला दिली. "ह्ये पोरगं खेळतंय," ते म्हणाले. "तुम्ही निस्ती मारामारी करताव."

माधव लढायचाच नाही. ढोल वाजले की सरळ चौथी ओळ, पळणे. आम्ही मागे उभं राहून हसायचो. त्याचे वीर इतके कच्चे की वटवाघळाच्या एका फटक्यात पडावेत, आणि तसेच तो त्यांना घेऊन डोंगर ओलांडायचा. पळत, पडत, पुन्हा उठत त्यानं आम्ही तोवर न पाहिलेली गावं पाहिली. एक बर्फातलं, एक झाडावर बांधलेलं, एक नुसतं तळ्याकाठी दोन झोपड्यांचं. तो खोलीवर येऊन आपल्या वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढायचा, त्यात ओढा, पाणंद, चिंचेचं वळण अशी नावं. जपानी दुनियेत चिंच कुठली, म्हणून मी त्याची फार टर उडवली.

पहिलं गाव मात्र त्याला खास आवडायचं. तिथली सगळी घरं सारखी होती, रांगेत. "आमचं नवं गाव असंच हाय," तो एकदा चाचांना म्हणाला. "समदी घरं येकसारखी. आई दोनदा दुसऱ्याच्याच घरात शिरली, चूल बी पेटवली." चाचा सुई तोंडात धरून हसले. मग त्यांनी सुई काढली आणि बराच वेळ मान खाली घालून शिवत राहिले.

त्या खेळाची एक रीत होती. कुणाच्याही घरात शिरायचं, मडकी फोडायची, पेट्या उघडायच्या, सापडेल ते पिशवीत घालायचं. घरमालक तिथेच उभा असायचा, काही बोलायचा नाही. तलवारी, औषधं, चिलखतं, सगळं असंच मिळायचं. पुढे आम्हीही वेशीबाहेर पडलो तेव्हा माझ्या वहीत गाववार यादी झाली, कुठल्या घरात कुठल्या कोपऱ्यात काय. माधव पेट्या उघडायचा नाही. घरात माणूस असेल तर आत जायचा, त्याच्याशी बोलायचा, म्हणजे न कळणाऱ्या ओळी शेवटपर्यंत उमटू द्यायचा, आणि बाहेर यायचा. घर रिकामं असेल तर दारातूनच मागे फिरायचा.

"अरे, उघड की पेटी!" मी मागून ओरडायचो.

"मालक न्हाई."

"मालक कशाला पायजे? खेळ हाय ह्यो."

"खेळ हाय म्हणूनच तर," तो म्हणायचा. तोवर पुढच्या घराकडे वळलेला असायचा.

बंदराच्या गावी त्याचं गाडं अडलं. काळ्या किल्ल्याच्या वाटेवर एक लोखंडी दरवाजा होता आणि त्याची चावी त्या गावातल्या एका घरात, पेटीत होती. पेटीशेजारी खाटेवर एक माणूस कायम निजलेला असायचा. मी ती चावी केव्हाच काढली होती आणि वहीत ते पान तांबड्या शाईनं चौकट करून लिहिलं होतं. माधवनं ते पान वाचलं आणि वही परत दिली.

"दुसरीकडून वाट असंल," तो म्हणाला.

"न्हाई. सगळ्यांनी बघितलं."

"तुम्ही कुठं बघितलं? तुम्ही गुलाबजाम मारले." मग म्हणाला, "येवढी मोठी दुनिया केली त्या लोकांनी. चोरी केल्याबिगर वाटच ठेवली नसंल व्हय?"

हाच त्याचा हट्ट. पेटीला हात न लावता किल्ल्यापर्यंत पोचायचं. बारावीचं वर्ष लागलं, सराव परीक्षा सुरू झाल्या, आणि तो दुपारच्या दोन क्लासांच्या मधे येऊन त्या दुनियेच्या कडेकडेनं वाट शोधत राहिला. प्रत्येक डोंगराला हात लावून बघायचा, प्रत्येक माणसाशी बोलायचा. आम्ही पैज लावली नाही, कारण त्याच्या बाजूनं लावायला कुणी तयार नव्हतं. फक्त चाचा रोज विचारायचे, "सापडली काय रे वाट?" तो म्हणायचा, "हुडकायलोय चाचा."

एकदा मेसमधून येताना मी त्याला चांगलंच झापलं. एवढ्या वेळात दोन धडे झाले असते म्हणालो. तो चालता चालता म्हणाला, "भूकंपाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लई माणसं आली आमच्याकडं. मदत करणारी लई होती, खोटं कशाला बोलू. पर त्यात दुसरी बी होती. आईची पेटी ढिगाऱ्यावर वरच पडलेली. दोघं आले. उघडली, आत बघितलं, उचलून नेली."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. अशी गोष्ट सांगितली की समोरच्याचं तोंड बंदच होतं, आणि मला वादात हरायची सवय नव्हती. मी म्हणालो, "पर खेळातली पेटी खोटी हाय ना?"

"व्हय," तो म्हणाला.

त्या वर्षी तो तीन दिवस गावी गेला. त्या गावात सगळ्यांचं श्राद्ध एकाच दिवशी असायचं, घरोघर. तो गेला त्याच दुपारी मी एक पँट उसवली आणि चाचांकडे गेलो. आमची जागा न उघडता तिसरी उघडली. का, ते सांगत बसत नाही. आज जी कारणं सांगेन ती मी नंतर तयार केलेली असतील. माधवचे वीर घेऊन मी बंदराच्या गावी निजलेल्या माणसाच्या घरात गेलो आणि पेटी उघडली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला चेव चढला. यादी काढून मी प्रत्येक गावात गेलो, पहिल्या गावातल्या रांगेतल्या घरांपासून बर्फातल्या म्हातारीपर्यंत. मडकं न् मडकं फोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. चाचांना वाटलं आमचाच खेळ चाललाय. ते लग्नाच्या कपड्यांच्या गडबडीत होते. शेवटी लोखंडी दरवाजा उघडून मी वीरांना किल्ल्यासमोर उभं केलं आणि जपून ठेवलं. मला वाटत होतं की तो येऊन आधी चिडेल आणि मग हसेल.

त्या पेटीचं खरं काय ते मला कळलं पंचविसेक वर्षांनी, पुतण्याच्या मोबाइलवर. तो खेळ आता इंग्रजीत मिळतो, अक्षरं वाचता येतात. त्या निजलेल्या माणसाशी एकदा बोललं की तो घोरतो. दुसऱ्यांदा बोललं की कूस बदलतो. तिसऱ्यांदा बोललं की तो उठून बसतो, पाहुणे आले म्हणून ओशाळतो, आणि पेटी स्वतः उघडून चावी हातात देतो. आम्ही कुणी त्याच्याशी बोललोच नव्हतो, शेजारी पेटी असताना त्याच्याशी कोण बोलतो? आणि माधवनं अख्ख्या दुनियेशी बोलून या एकाला सोडलं होतं, कारण निजलेल्या माणसाला उठवायचं कसं, असं त्याला वाटलं असणार. हे वाचलं तेव्हा मी पुतण्याचा मोबाइल त्याला परत दिला आणि गच्चीवर जाऊन बसलो.

माधव गावाहून आला तो सरळ चाचांच्या दुकानात, पिशवीसकट; मी तिथेच बसलो होतो. आईनं फडक्यात बांधून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. ते फडकं त्यानं माझ्या मांडीवर सोडलं आणि टीव्हीसमोर बसला. मी खायला लागलो. खेळ सुरू झाला आणि त्याचे वीर काळ्या किल्ल्यासमोर उभे. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पिशवीची यादी उघडली. ती पानामागून पान संपेना.

तो किल्ल्यात गेला नाही. उलटा फिरला. आता त्याचे वीर चिलखतं घालून चालत होते, त्याला पळावं लागत नव्हतं. बंदराच्या गावी जाऊन तो त्या खाटेशेजारी उभा राहिला आणि उघड्या पेटीसमोर एकेक बटण दाबून पाहिलं. मग मला विचारलं, "परत ठेवता येत न्हाई का यात?"

मला ते पाठ होतं. "टाकून देता येतं," मी म्हणालो. "ठेवता येत न्हाई."

मग तो एकेका घरात गेला. प्रत्येक माणसासमोर उभा राहिला, बटण दाबलं, ओळी उमटू दिल्या. अक्षरं कळत नसली तरी इतक्या महिन्यांत त्या ओळींचे आकार त्याच्या ओळखीचे झाले होते. लुटायच्या आधी जी ओळ होती तीच लुटल्यानंतर. पाच-सहा घरं झाल्यावर त्यानं हात थांबवला. शिलाई मशीनची टकटकही थांबली होती, चाचा आमच्याकडे बघत होते.

"बघा चाचा," माधव म्हणाला, "कुणी काहीच म्हणंना." थोड्या वेळानं म्हणाला, "आम्ही बी काही म्हणलो नव्हतो."

मग त्यानं चाचांना सांगून ती जागा पुसून टाकली. चाचा नको नको म्हणत होते. "नक्को रे बेटा, येवढं फिरलास." त्यानं ऐकलं नाही. जाताना माझ्या मांडीवरचं फडकंही घेतलं नाही. "खा तू," म्हणाला, "मला क्लास हाय."

मला वाटलं आता भांडण होईल, तो खोली बदलेल, निदान अबोला धरेल. अबोला धरला असता तर मी त्याला नावं ठेवून मोकळा झालो असतो. काहीच झालं नाही. पहिल्यापासून त्याची सवय होती, मेसच्या दारात भेटलं की विचारायचं, "जेवलास का?" दुसऱ्या दिवशीही त्यानं तेच विचारलं. बारावी संपेपर्यंत रोज विचारलं. त्याच आवाजात, तेवढंच, पुढे एक अक्षर नाही. मी रोज त्याच्या तोंडाकडे बघायचो, की आज तरी काही वेगळं निघेल.

मागच्या वर्षी आमच्या बॅचचा मेळावा झाला. माधव त्याच्या तालुक्यात शाळामास्तर आहे, केस पांढरे झालेत. हॉलमध्ये सगळे जण एकमेकांच्या पोरांचे मार्क विचारत होते आणि मला त्या सगळ्यांचा नेहमीसारखा तिटकारा आला होता. तो गर्दीतून माझ्याकडेच आला. वाट होती, तूच बरोबर होतास, तो माणूस नुसता उठवायचा होता, हे सगळं मी गाडीत बसून घोकून गेलो होतो. तो समोर उभा राहिला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जेवलास का?"

मी हो म्हणालो.